कॅप्टनचा उन्हाळा

यज्ञेश्वर मोहोळकर मास्तरांचा मुलगा सैन्यात लान्स नायक होता आणि मुलाचा कुत्रा कॅप्टन होता. हुद्द्यांचा हा घोटाळा मास्तरांना पहिल्याच दिवशी खटकला. पण कुत्र्याचं बारसं हिमालयात परस्पर झालेलं होतं, आणि दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली की तो मान वळवून भिंतीकडे बघत असे. बावीस वर्षं वर्गातल्या मुलांकडून हाच अपमान सोसल्यामुळे मास्तरांनी तो मुद्दा फार ताणला नाही.

कॅप्टन आला तो त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीअखेरीस. मंद्रूपचा निंगप्पा नावाचा शिपाई दोन महिन्यांच्या रजेवर गावी निघाला होता. त्याने गार्डाच्या डब्यातून कुत्रा सोलापुरापर्यंत आणला आणि भवानी पेठेत मास्तरांच्या दारात उभा केला. काळाकुट्ट, वासराएवढा, आणि अंगावर केस इतके की आत कुत्रा नेमका कुठे सुरू होतो ते हात घालूनच शोधावं लागे. समोरच्या चंद्रव्वा कडक भाकऱ्या भाजून विकत. त्या तव्यावरची भाकरी तशीच टाकून बघायला आल्या.

"शिवा शिवा! ह्ये कुत्रं न्हाय मास्तर, अस्वल हाय. मिलिट्रीनं फशिवलंय तुमाला."

निंगप्पाने खिशातून पत्र काढून दिलं. मास्तरांनी चष्मा लावला आणि पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं. गंगाधरची पत्रं नेहमी आईच्या नावाने येत. त्यात शेवटी ‘बाबांना नमस्कार’ एवढाच मास्तरांचा वाटा असे. भूगोलाच्या मास्तरांचा मुलगा मॅट्रिकला भूगोलात शंभरापैकी एकतीस मार्क मिळवून नापास झाला, त्यावर मास्तर जे बोलले ते बोलले, आणि मुलगा न सांगता जाऊन भरती झाला, त्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत हे पहिलं पत्र ‘ती. बाबांस’ होतं.

पेन्सिलीने लिहिलं होतं. "आमची तुकडी आणखी वर चालली. तिथे कुत्रं नेता येत नाही. दिवाळीत रजा मिळेल तेव्हा येईन, तोवर कॅप्टनला सांभाळा. तो लहान पिल्लू असल्यापासून माझ्याजवळ आहे. उन्हाळ्यात सावली द्या, पाणी द्या. केस मात्र कापू नका. इथली माणसं कापत नाहीत."

मास्तरांच्या बायकोने, गोदावरीबाईंनी, पदराने डोळे पुसले. मास्तरांनी पत्राची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "ठीक आहे," ते म्हणाले. "मागितलंय तर सांभाळू." निंगप्पाला हे अगदीच कोरडं वाटलं असणार. त्याला काय ठाऊक, की मास्तर त्यानंतर महिनाभर दर रात्री झोपण्यापूर्वी खिसा चाचपून पत्र जागेवर असल्याची खात्री करून घेत होते.

मार्चपर्यंत मामला ठीक चालला. कॅप्टन ओट्यावर बसे आणि पेठेतले लोक त्याला बघायला येत. मग सोलापूरचा उन्हाळा सुरू झाला. त्या साली तो जरा जास्तच मन लावून आला होता, कारण आदल्या साली पावसाने काम अर्धवट टाकलं होतं. नळाला दर तिसऱ्या दिवशी तासभर पाणी, तेही करंगळीएवढं. त्यातली पहिली बादली कॅप्टनची. दुसऱ्या बादलीने कोण आंघोळ करणार यावर नवराबायकोत दर वेळी सभ्य भाषेत वाद होई. कॅप्टनची जीभ सकाळी आठला बाहेर पडे ती दिवे लागले तरी आत जात नसे. बरगड्यांचा भाता असा चाले की मास्तरांना ऐकूनच धाप लागे.

कुत्र्याला उकडतं म्हटल्यावर सल्ले देणाऱ्यांना मात्र गारवा वाटू लागला. चंद्रव्वांनी कांद्याची माळ आणून कॅप्टनच्या गळ्यात घातली. कांदा ऊन ओढतो म्हणे. कॅप्टनने माळ खाल्ली आणि दोन दिवस घराला नुसता वास. घरमालक चनबसप्पा कापडाचे व्यापारी. मागच्या पडवीत त्यांचे दोन हातमाग सुताअभावी बंद पडले होते, त्यामुळे त्यांना वेळच वेळ होता. ते म्हणाले, "काय करालाव मास्तर? पंखा लावा की सरळ." मास्तरांनी टेबलफॅन आणून लावला. वीज गेली. मास्तरांनी वाळ्याचा पडदा आणला. तो भिजवायला पाणी लागतं हे आणल्यावर लक्षात आलं. कोरडा पडदा कॅप्टनने कुरतडला, आणि निदान त्याचा तो दिवस बरा गेला.

शेवटी मास्तर त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे दुष्काळी छावणीतली गुरं रांगेत उभी होती. उभी म्हणजे कशीबशी. त्या हाडांच्या रांगेत एवढा धष्टपुष्ट कुत्रा धरून उभं राहताना मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक म्हातारी आपल्या गाईच्या पाठीवरून हात फिरवत कॅप्टनकडे एकटक बघत होती. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन तासांनी खिडकीशी नंबर लागला.

"जनावर?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"कुत्रा."

"कुत्र्याला रकाना न्हाई." कारकुनाने छापील फॉर्म खिडकीतून फिरवून दाखवला. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. "दुष्काळी फॉर्म हाय हा. ह्यातलं सांगा काय तरी."

"अहो, पण हा कुत्रा आहे. तुम्ही बघा तरी."

कारकुनाने बघितलं. बराच वेळ बघितलं. "लोकर हाय की त्याला," तो म्हणाला. "मेंढीत बसवतो."

डॉक्टर छावणीवर गेलेले होते आणि सूचना वर्गवारीप्रमाणे आधीच छापून ठेवलेल्या होत्या. मेंढीचा कागद मास्तरांच्या हातात पडला. त्यावर नोंदणी क्रमांक, तारीख आणि निळा गोल शिक्का. खाली सूचना पहिली: ‘उन्हाळ्यात लोकर कातरून घ्यावी.’

इथे मास्तरांचा नाइलाज झाला असं कुणी म्हणू नये. मास्तरांनी घरी येऊन विचार केला, आणि विचार करून चूक केली. शिकलेल्या माणसाची चूक अशीच होते. टेबलावर त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी मांडले. डावीकडे मुलाचं पत्र: पेन्सिलीचं, निम्मं पुसट, ‘इथली माणसं कापत नाहीत’. उजवीकडे छापील कागद, त्यावर शिक्का. मास्तरांनी जन्मभर छापील गोष्टी शिकवल्या होत्या. शिवाय शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. थंड कटिबंधातल्या प्राण्याला जाड केस असतात ते थंडीसाठी. प्राणी उष्ण कटिबंधात आला की केसांचं कारण संपलं.

"पण त्यानं लिहिलंय ना, कापू नका म्हणून," गोदावरीबाई म्हणाल्या.

"इथली माणसं कापत नाहीत! इथली म्हणजे कुठली? बर्फातली. बर्फात मीही कापले नसते."

"अहो, तरी पण. एवढं एकच मागितलंय त्यानं."

"एकतीस मार्क," मास्तर म्हणाले. "शंभरापैकी."

गोदावरीबाई उठून आत गेल्या.

अक्कलकोट रोडला नाक्यापलीकडे ज्ञानबा नावाच्या धनगराचा कळप चाऱ्याच्या शोधात येऊन उतरला होता. मास्तर कॅप्टनला घेऊन भर दुपारी तिथे पोचले. ज्ञानबा बाभळीखाली बसला होता. डोक्याला घमेल्याएवढा पटका आणि खांद्यावर घोंगडी.

"कुत्र्याचं क्यास?" तो म्हणाला. "न्हाय वो गुर्जी. आमची कुत्रीबी केसाळच हायती. कदी कातारल्याली बगितली का तुमी?"

"अहो, पण मेंढ्या कातरता ना?"

"मेंढ्याची लोकर इकाया लागती म्हून कातारतो. कुत्र्याचं काय इकू?"

मास्तरांनी त्याला जमिनीवर काठीने पृथ्वीचा गोळा काढून दाखवला. विषुववृत्त काढलं, कर्कवृत्त काढलं, त्याच्या खाली एक टिंब काढून ते सोलापूर आहे असं सांगितलं. "कोट घातलेल्या माणसाला उकडलं तर तो काय करतो? कोट काढतो. तसंच हे."

ज्ञानबाने टिंबाकडे आदराने बघितलं. "आमी न्हाय काढत," तो म्हणाला. "ऊन वाडलं की आमी पटक्याला आनिक येक येढा देतो. तुमीबी टोपी घालूनच आलाव की."

"ती टोपी सभ्यतेसाठी आहे," मास्तर म्हणाले.

शिक्क्याचा कागद दाखवल्यावर मात्र ज्ञानबा जरा बिचकला. सरकारी कागदाने त्याचं भलं झाल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने कातर घेतली. कॅप्टन एकदाही गुरगुरला नाही. डोळे मिटून, मास्तरांच्या पायावर हनुवटी टेकून पडून राहिला. लष्करी शिस्त म्हणजे काय ते मास्तरांना त्या दिवशी कळलं. तासाभराने बाभळीखाली केसांचा ढीग होता आणि ढिगाशेजारी कुत्रा म्हणून जे उभं राहिलं त्याचं डोकं तेवढं पूर्वीचं होतं. मानेमागे सगळा लहानसा, राखी, कातरीच्या पायऱ्यापायऱ्यांचा ऐवज.

पेठेतून परत येताना मास्तर गटाराच्या कडेकडेने चालले. तरी चंद्रव्वांनी गाठलंच.

"अगं बया बया! मास्तर, अर्धं कुत्रं कुटं सांडून आलाव?"

पहिले दोन दिवस कॅप्टनला बरं वाटलं, किंवा मास्तरांना तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी पाठ लाल झाली. पाचव्या दिवशी फोड आले, फोडांवर माश्या आल्या. आतापर्यंत ऊन केसांवर यायचं आणि तिथेच थांबायचं. आता त्याला थेट आतपर्यंत वाट मोकळी झाली होती. कॅप्टन ओट्यावरून उठून मोरीत जाऊन बसू लागला. कुणी हात लावला की कातडी थरथरायची, पण आवाज नाही.

मास्तरांनी खोबरेल लावलं. हळद लावली. पिवळा कुत्रा बघायला पेठ पुन्हा लोटली. चनबसप्पांनी दुकानातला विणीत चुकलेला एक मोठा टर्किश टॉवेल आणून दिला. गोदावरीबाईंनी त्याला चार भोकं पाडून बंद शिवले. म्हणजे भर एप्रिलात मास्तरांनी कुत्र्याचे केस काढले आणि त्या जागी सोलापुरी टॉवेल चढवला. हा हिशोब त्यांच्या लक्षात आला होता. शाळेत फळ्यावर कुणीतरी टॉवेल नेसलेल्या कुत्र्याचं चित्र काढलं आणि खाली ‘समशीतोष्ण कटिबंध’ असं लिहिलं, तेव्हा मास्तरांनी ते चित्र मुकाट्याने पुसलं. ते चांगलं काढलेलं होतं.

चनबसप्पांच्या डोक्यातूनच मग एक खरी अक्कल निघाली. मागच्या पडवीत हातमागाला खड्डा असतो. विणकर काठावर बसून पाय आत सोडतो. मातीचा, कमरेइतका खोल, बाहेर लाह्या फुटत असल्या तरी आत गार. "माग तर बंदच हाय. ठेवा की तितं त्याला," ते म्हणाले. कॅप्टनला खड्ड्यात उतरवलं आणि ओला टॉवेल अंगावर घातला, तेव्हा त्याने आठ दिवसांत पहिल्यांदा जीभ आत घेतली. मास्तर काठावर बसून राहिले. शाळा सकाळची होती. दुपारभर ते तिथेच बसत, पेपर तपासत, मधून टॉवेलवर तांब्याभर पाणी शिंपडत. ते पाणी कुठलं म्हणाल, तर त्यांच्या आंघोळीचं. फोड सुकायला लागले. केस मात्र यायला तयार नव्हते.

एप्रिलअखेर निंगप्पा रजा संपवून परत निघाला आणि जाताना निरोप घ्यायला आला. मास्तर त्याला पडवीत घेऊन गेले. खड्ड्यात कॅप्टन शांत झोपला होता. डोकं पूर्वीसारखं झुपकेदार, बाकी सगळा टॉवेलात.

"लई ब्येस बडदास्त ठिवलीय गुर्जी," निंगप्पा भारावून म्हणाला. "नाईक सायबांना लई घोर लागलाय बगा ह्याचा. सारखं म्हनायचे, बाबा क्यास कापत्याल. मी सांगतो आता त्यास्नी, काय कापलं न्हाईत म्हून."

मास्तर खोटं बोलले नाहीत. ते कधीच खोटं बोलत नसत. त्यांनी फक्त "चहा घेणार ना?" असं विचारलं.

निंगप्पा चहा पिऊन, पाया पडून गेला. कॅप्टन त्याच्या मागे दोन पावलं जाण्यासाठी खड्ड्याच्या काठावर पंजे टेकून उभा राहिला आणि टॉवेल अर्धा खाली घसरला. पण तोवर निंगप्पा दाराबाहेर पडला होता.

मे महिन्यात पेठेत सूत आलं. चनबसप्पा तीन दिवस मास्तरांना टाळत राहिले, चौथ्या दिवशी समोर आले. "विणकर बसून हायत मास्तर, त्यांची चूल बंद हाय," एवढंच म्हणाले. मास्तरांनी मान हलवली आणि कॅप्टनला खड्ड्यातून काढलं. धोट्याची खटखट सुरू झाली, आणि कॅप्टन परत मोरीत गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी नळाची पाळी होती आणि पाणी आलं नाही. मास्तर घागर घेऊन तीन विहिरी हिंडले. दोन आटलेल्या, तिसरीवर भांडण. दुपारी दोनला अर्धी घागर घेऊन आले तेव्हा गोदावरीबाई मोरीत बसल्या होत्या, कॅप्टनचं डोकं मांडीवर घेऊन. त्या पदराने वारा घालत होत्या. घालत राहिल्या. मास्तरांनी घागर खाली ठेवली आणि पाणी टॉवेलवर ओतलं, सगळं ओतलं. मग बायकोचा हात धरून थांबवला.

मेलेलं जनावर उचलून न्यायला गाडी असते. मास्तर कचेरीत वर्दी द्यायला गेले तर तिथल्या कारकुनाने नोंदणीचा कागद मागितला. कागदावर मेंढी होती. मेंढी कशाने मेली याला डॉक्टरचा दाखला हवा होता आणि डॉक्टर छावणीवर होते. एरवी मास्तर तिथे तासभर भांडले असते. त्यांनी कागद उचलला आणि घरी आले. चनबसप्पांनी कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी काढली. चंद्रव्वा समोरून आल्या, कॅप्टनच्या कपाळाला त्यांनी भस्माचं बोट लावलं, आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. मास्तरांना ते सगळ्यात जड गेलं. नाक्यापलीकडे, ज्ञानबाच्या त्याच बाभळीजवळ मास्तर आणि चनबसप्पांनी खड्डा खणला. कळप केव्हाच पुढे गेला होता. काटेरी फांद्यांना काळ्या केसांचे झुपके अजून अडकलेले होते.

पंधरा दिवसांनी गंगाधरचं पत्र आलं. ‘ती. बाबांस’.

"निंगप्पा पोचला. कॅप्टन थंड जागेत असतो, ओला टॉवेल असतो, तुम्ही स्वतः शेजारी बसता असं त्याने सांगितलं. मी त्याला तीनदा विचारलं, केस कापले का? नाही म्हणाला. बाबा, खरं सांगतो, तुम्ही कापाल अशीच माझी खात्री होती. तुम्ही माझं ऐकलंत. असं यापूर्वी कधी झालं होतं ते मला आठवत नाही. दिवाळीत येतो. तुमच्याशी पुष्कळ बोलायचं आहे."

गोदावरीबाईंनी पत्र वाचून परत टेबलावर ठेवलं. "लिहा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी चार दिवस लिहिलं. पहिल्या मसुद्यात दुष्काळाची कारणं होती. दुसऱ्यात दवाखान्याचा फॉर्म होता, क्रमांकासकट. तिसऱ्यात नळ होता. चौथ्या दिवशी हे तिन्ही फाडून त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं.

"चि. गंगाधरास आशीर्वाद. कॅप्टन ११ मे रोजी वारला. केस मी कापले. कापू नका असं तू लिहिलं होतंस, ते मी वाचलं होतं. निंगप्पा खोटं बोलला नाही. त्याला मी टॉवेल दाखवला. – बाबा."

दुपारी एकला त्यांनी कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकलं, दहा पावलं चालले आणि परत आले. मग पेटीशेजारी उभे राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पेटीच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. सव्वाचारला टपाल काढणारा सायकलवरून आला तेव्हा मास्तर तिथेच होते.

"मघाशी एक कार्ड टाकलंय," ते म्हणाले. "ते परत मिळेल का?"

"न्हाई मास्तर. पेटीत पडलं की आता ते ज्याला धाडलं त्याचं. आर्ज लिवा, साहेबाची सही आना, मग बगतील." त्याने कुलूप काढलं, पत्रं पोत्यात ओढली. वरतीच ते कार्ड होतं. मास्तरांचं अक्षर लांबूनही ओळखू येई. पेठेतल्या निम्म्या मुलांनी ते लाल शाईत बघितलेलं होतं. टपालवाल्यानेही बघितलं असावं. तो जरा थांबला. "काय चुकलंय का त्यात?"

मास्तरांनी कार्डाकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "त्यात काही चुकलेलं नाही."

टपालवाल्याने पोतं बांधलं, सायकलला अडकवलं, एक पाय पायडलवर ठेवला. "मग ह्या उनात कशापायी उभं राह्यलाव?" तो म्हणाला. "डोस्क्यावर काय तरी घ्या की."

मास्तरांनी डोक्याला हात लावला. टोपी घरीच राहिली होती. टक्कल तव्यासारखं तापलेलं होतं. सायकल वळणापलीकडे गेली तरी त्यांनी हात काढला नाही.